हाकेच्या गुंफेतली दंडार

कराडला परत येऊन चार दिवस झाले, पण माझा आवाज अजून गोंदिया जिल्ह्यातच राहिलाय. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर तोंड मिटून बसा. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलण्याचाच पगार घेतलेल्या बाईला हा सल्ला! नवऱ्याने डॉक्टरांना अगदी वाकून नमस्कार केला. घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवतोय म्हणे. तर बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. माझ्या इकडच्या मैत्रिणींनी ना मंडई पाहिली, ना दंडार, ना ज्वालामुखीच्या खडकातली गुंफा. त्यांनी हे वाचावं आणि थोडं जळावं, एवढीच इच्छा.

माझी सून मीनल तिकडची, दरेकसाजवळच्या एका वस्तीवरची. तिची आई सेवंताबाई दर दिवाळीला मला फोन करते. यंदाचा फोन असा होता:

"ईनबाई, औंदा मंडईले या. नाई आल्या त मी तुमच्यासंग बोलाची नाई."

तिकडे विहिणीला 'ईनबाई' म्हणतात, आणि व्याह्याला 'इवाई'. मी म्हटलं, "अहो, लांब आहे हो फार."

"लांब कायले? पोरगी दिली तवा लांब नव्हतं का?"

मी तिकीट काढलं. मुलगा-सून पुण्यात नोकरीला बांधलेले, नवऱ्याची कंबर धरलेली. मी एकटीच निघाले, आणि खरं सांगते, एकटीच निघाल्याचा मला फार आनंद झाला.

गोंदिया, फुलचूर

गाडीतले तास गाळते. त्यात मी फक्त झोपले आणि समोरच्या बाईंची चकली-शेव खाल्ली. गोंदियाला उतरले तर रिक्षावाला म्हणाला, "बैठो बहनजी, कहाँ छोडूँ?" मी इरेला पेटून शुद्ध मराठीत पत्ता सांगितला. तो हिंदीत उत्तर देई, मी मराठीत प्रश्न विचारी, आणि फुलचूर येईपर्यंत दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही. उतरताना तो हसून म्हणाला, "मराठी आती है मेरे को, ताई. आप अच्छा बोल रहे थे तो सुन रहा था." मी त्याला पिशवीतलं एक कंदी पेढ्याचं पुडकं देऊन टाकलं.

फुलचूरला सेवंताबाईंची बहीण राहते. तिने पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली. मी म्हटलं, आम्ही कराडची माणसं, तिखटाला भीत नाही. दुसऱ्याच घासाला मला अशी उचकी लागली की त्या माऊलीने आरडाओरडा केला, "पानी आना जी कोनी, ईनबाईचे डोरे पाहा!" कोल्हापुरी तिखट जिभेला लागतं, हे थेट कानाला लागलं. मी आणखी एक वाटी मागितली.

दरेकसा

दुपारच्या लहान गाडीने दरेकसाला उतरले. एवढंसं स्टेशन, मागे डोंगर, आणि डोंगराला भिडलेलं जंगल. व्याही डोमाजी ट्रॅक्टर घेऊन न्यायला आले होते. ट्रॉलीत मधोमध प्लास्टिकची लाल खुर्ची ठेवलेली आणि ती चारी पायांना दोरीने बांधलेली.

"बसा जी," डोमाजी म्हणाले.

"इथे? खुर्चीवर?"

"मंग कायवर बसाल? पाहुन्या आहात."

त्या सिंहासनावर बसून मी वस्तीत शिरले. बायका दारात येऊन बघत होत्या, पोरं मागे धावत होती. मी पहिल्यांदा लाजले, मग नेमाने दोन्ही बाजूंना हात हलवू लागले. नवऱ्याने लग्नातही मला घोड्यावर बसवलं नव्हतं.

हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापून झाला होता, भारी धान अजून शेतात उभा होता. आमच्याकडे दिवाळीला उसाचा वास येतो, इथे सगळीकडे ओल्या तणसाचा. तणस म्हणजे धान झोडून उरलेलं गवत, भाताचा पेंढा. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे त्यानेच घोटाळा केला.

जेवायला भात. त्यावर लाखोरीची डाळ, सोबत वांग्याची भाजी, आणि भात संपला की भात. मी हळूच विचारलं, "भाकरी असते का हो तुमच्यात?" सेवंताबाईंना धक्काच बसला. "पाहुन्याले भाकर देतेत का जी? लोक काय म्हनतीन?" आमच्याकडे पाहुण्याला नुसता भात वाढला तर ती बाई जन्मभर बोल ऐकून घेईल. मी मुकाट्याने तिसऱ्यांदा भात घेतला. चिन्नोरचा भात होता. वासानेच माणूस मऊ होतो.

आता मंडईचं सांगते. दिवाळी झाली की या भागात प्रत्येक गावाची एकेक दिवस मंडई भरते. लेकी, जावई, व्याही सगळे जमतात. दुकानं, पाळणे, खेळणी असतात, आणि दिवसा दंडार असते. ढोलकी, झांज आणि पायात चाळ, असा हा गोष्टीचा नाच. बायकांची कामंही पुरुषच करतात. माझे व्याही गेली चाळीस वर्षं या गावच्या दंडारीत राजा होतात. एरवी ते दिवसाला दहा शब्द बोलणारे गृहस्थ. हे मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं.

त्या जेवणात सेवंताबाईंनी सगळी हकीगत सांगितली. मंडईत आता चारी बाजूंनी भोंगे लागतात. त्या कल्लोळात दंडारीचा एक शब्द कोणाला ऐकू येत नाही. म्हणून मागच्या वर्षी डोमाजींनी दंडार गावाबाहेरच्या गुंफेत नेली. तिथे भोंग्यांचा आवाज पोचत नाही. पण गुंफेत आवाज असा काही घुमला की शब्दांचं पिठलं झालं. लोक थोडा वेळ बसले, मग एकेक करून उठले आणि पाळण्यात बसायला गेले. शेवटी राजा गात होता आणि समोर दंडार मंडळातल्यांच्याच बायका होत्या.

"मंडळानं ठरवलं हाय," सेवंताबाई म्हणाल्या. "औंदा लोक उठले त दंडार बंद. चाळ देवापाशी ठेवाचे."

डोमाजी ताटातला भात कालवत राहिले. बराच वेळ ते कालवतच होते. मला एकदम गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मी मोठ्याने बोलते. मी म्हटलं, "व्याही, काळजी करू नका. आवाजाच्या धंद्यात माझी हयात गेली आहे." असली वाक्यं बोलून टाकायची मला खोडच आहे.

हाकेच्या गुंफेत

जवळच कचारगडची मोठी गुंफा आहे. माघी पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची केवढी तरी यात्रा भरते. ते देवस्थान. ही आमच्या व्याह्यांची गुंफा लहान आणि बिनदेवाची, तोंडाशी उभं राहून हाक मारली की चार वेळा परत येते म्हणून 'हाकेची गुंफा'. पूर्वी तिथे वटवाघळं आणि पत्ते खेळणारे एवढेच असत. दोन-तीन वर्षांखाली गावाने मनावर घेतलं. आत झाडून काढलं, दगडी पायऱ्या केल्या, म्हाताऱ्यांसाठी बाजूने उतार बांधला, बांबूचे बाक ठेवले. फोटो काढायला एक मोठं लाल हृदयही उभं केलंय. गावातल्या पाच बायका आळीपाळीने माहिती सांगतात, आणि त्यातल्या एक सेवंताबाई!

गुंफेपाशी पोचताच त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि भलत्याच आवाजात सुरुवात केली. "मान्यवर पर्यटकहो, आपण उभे आहात तो खडक ज्वालामुखीच्या रसापासून बनलेला असून अतिशय प्राचीन आहे."

मी म्हटलं, "आमचा सह्याद्रीही ज्वालामुखीचाच की."

"दगडं पाहाले आलेल्या साहेबानं सांगतलं आमाले," त्या लगेच घरच्या बोलीवर आल्या. "तुमचा सह्याद्री कालचं पोरगं. आमचा त्याच्या खापर-खापरपंज्याचा बाप."

"पण आमचा उंच आहे."

"पोट्टे उंचच असतेत जी आजकाल."

मी इतकी हसले की माझं हसू चार वेळा परत आलं, आणि ते ऐकून आम्ही दोघी पुन्हा हसलो. तिथल्या भिंती तांबूस-करड्या आहेत, हात लावला तर काचेसारख्या गुळगुळीत, मध्येच वाहता वाहता थांबलेल्या काकवीसारखे पट्टे. एकेकाळी हे सगळं लालबुंद वाहत होतं आणि आता त्याला टेकून मी चिवडा खातेय, या विचाराने मला भारीच वाटलं.

मग कामाला लागलो. मी पार मागे जाऊन उभी राहिले आणि मागून आलेल्या डोमाजींना गायला सांगितलं. आवाज दणदणीत आला, शब्द एकही कळला नाही. एक्स्चेंजमध्ये आम्ही याला म्हणायचो, 'ऐकू येतंय पण समजत नाहीये'. उपाय काय, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. तो सेवंताबाईंनी काढला.

"तनस भरलेल्या कोठ्यात हाक मारून पाहा, ईनबाई. हाक तितंच मरते."

कोठा म्हणजे गुरांचा गोठा. ही बाई शिकली असती तर नाट्यगृहं बांधली असती. दोन दिवस सगळी वस्ती तणस वाहत होती. बांबूच्या ताटव्यांना, म्हणजे तट्ट्यांना, पेंढ्या बांधायच्या आणि ते ताटवे भिंतींना लावायचे. मीही बांधल्या. अंगभर खाज, केसांत काड्या, आणि दर दहा ताटव्यांनंतर मी मागे जाऊन ओरडायची, "हां, म्हणा!" डोमाजी गायचे. "अजून घुमतंय! डावीकडे लावा!" पुन्हा मी ओरडायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोमाजी गायले, 'राजा गेला डोंगरावर, रानी पाहे वाट', आणि पार मागे उभ्या असलेल्या मला 'वाट'मधला 'ट'सुद्धा लख्ख ऐकू आला. मी तिथेच फुगडी घातली. जोडीला सेवंताबाई होत्या. आमचं दोघींचं वय मिळून सव्वाशेच्या वर जातं.

मंडईचा दिवस

घरात चाळीसेक पाहुणे, अंगणात तीन चुली, आणि प्रत्येक नातलगाच्या घरी जाऊन तोंड गोड केल्याशिवाय सुटका नाही. मी सकाळपासून सात घरी अनरसे खाल्ले. दुपारी तीनला भोंग्यांच्या गदारोळातून निघून सगळी माणसं गुंफेकडे चालू लागली. वळण ओलांडलं की भोंगे एकदम बंद पडल्यासारखे होतात आणि पाखरं ऐकू येतात.

तणस आहे म्हणून आत बिडीला बंदी. सेवंताबाई तोंडाशी सूप घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक पुरुष आपला बिडीचा कट्टा आणि माचिस सुपात टाकून आत जायचा. एका म्हाताऱ्याने एकच बिडी टाकली. सेवंताबाईंनी त्याच्या टोपीकडे बोट दाखवलं, तर टोपीतून अख्खा कट्टा निघाला.

गुंफा गच्च भरली. तोंडातून उन्हाची तिरीप आत येत होती, आणि बॅटरीचे दोन झगझगीत दिवे नाचणाऱ्यांवर सोडले होते. गण झाला. मग राजा आला. खऱ्या मिशीवर खोटी मिशी, हातात लाकडी तलवार, आणि आवाज असा की हेच का ते दहा शब्दवाले डोमाजी, असं वाटावं. राणी झाला होता बुधराम, गावचा गायकी. गायकी म्हणजे गावाची गुरं राखणारा. मनगटं माझ्या पोटरीएवढी, त्यात हिरव्या बांगड्या, आणि कमरेत अशी लचक की मागच्या बाया पदर तोंडात घालून हसत होत्या. प्रत्येक शब्द कळत होता. मी मागच्या भिंतीपाशी कॉलर नसतानाही कॉलर ताठ करून उभी होते.

आणि मग घुंगूर वाजला. मला वाटलं, हाही खेळाचाच भाग. उतारावरून एक पांढरी गाय आत आली. शिंगांवर दिवाळीचा रंग अजून तसाच. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे पंधरा-वीस.

झालं होतं असं. बुधराम राणी झाल्यावर गुरं कोणी राखायची, हे कोणी ठरवलंच नव्हतं. बुधरामला वाटलं ढोलकीवाल्याचा पोरगा राखेल, पोरगा दंडार पाहायला आत बसलेला. पुढच्या वर्षी विचारलं तरी हेच होईल, कारण त्या गावात दंडारीच्या वेळी बाहेर राहायला तयार असणारा माणूसच नाही. गुरं ओढ्यावर सोडलेली. दिवस कलायला लागला, रोज हाकारणारा आवाज डोंगरातून ऐकू आला, वर ताज्या तणसाचा वास. ती बिचारी सरळ घरी आल्यासारखी आली.

पांढरी गाय राणीपाशी गेली आणि तिच्या लुगड्याचा वास घेऊन तिचा हात चाटू लागली. बुधराम क्षणभर गडबडला. मग कमरेवर हात ठेवून राजाला म्हणाला, "पाहा जी महाराज, माह्या सख्या आल्या माहेरून! आता बोला काय बोलता ते!"

काय हशा पिकला! माझ्या डोळ्यांतून पाणी, शेजारची बाई माझ्या खांद्यावर कोसळलेली. बाकीच्या सख्या मात्र हसल्या नाहीत. त्या भिंतींपाशी गेल्या आणि तणस खाऊ लागल्या. चार माणसं हाकलायला उठली, पण त्या गर्दीत गुरं बुजली तर लेकरं चेंगरतील, म्हणून पुन्हा खाली बसली. दंडार चालू राहिली आणि ताटवे रिकामे होत गेले.

सगळ्यांत आधी ते मला कळलं. झांजेचा आवाज जरा जास्त रेंगाळला. मग ढोलकीला शेपूट फुटलं. आणि नेमकं तेव्हाच राजाचं मोठं गाणं आलं, वाट चुकलेल्या राजाचं, ज्यासाठी सगळी दंडार असते. डोमाजींनी सुरुवात केली आणि शब्द एकमेकांवर चढले. पिठलं! लोक माना पुढे काढून ऐकायला बघत होते. मागच्या कोपऱ्यात दोघेतिघे चुळबुळले. माझ्यापुढच्या एका बाईने झोपलेलं लेकरू खांद्यावर घेतलं आणि ती उठून उभी राहिली. एक उठला की दहा उठतात, हे मला नाटकवाल्यांनी सांगायला नको.

दिव्यांच्या झगझगाटात डोमाजींना पुढचं काही दिसत नव्हतं. पण त्यांना कळलं असावं, कारण ते घाईने गाऊ लागले, आणि घाईने आणखीच गुंता. जुन्या ट्रंक कॉलवर माणसं हेच करायची. लाइन खराब असली की भराभर ओरडायची, आणि आम्ही सांगायचो, थोडं बोला, पोचू द्या, मग पुढचं बोला.

मी होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून ओरडले, "व्याही, थांबत थांबत! एक ओळ म्हणा, पोचू द्या, मग दुसरी!"

तो माझा शेवटचा आवाज. त्यानंतर घशातून फुसकासुद्धा निघाला नाही. सगळी गुंफा वळून माझ्याकडे पाहायला लागली, विहिणीने भर दंडारीत व्याह्यावर ओरडावं म्हणजे काय! डोमाजी थांबले. मला वाटलं, संपलं. मीच घालवली यांची दंडार.

मग त्यांनी एकच ओळ म्हटली. "राजा गेला डोंगरावर." आणि ते थांबले. गुंफा म्हणाली, वर, वर, वर, वर. ढोलकीवाल्याने त्या जागेत हलकेच बोटं फिरवली. "रानी पाहे वाट." गुंफा म्हणाली, वाट, वाट, वाट, वाट. दंडारीत झील धरणारे असतात, मुख्य गाणाऱ्याच्या मागे शब्द उचलणारे. ते दोघे तोंड उघडून उभे राहिले, कारण त्यांचं काम डोंगर करत होता. डोमाजी एकेक ओळ सोडत होते, शेवटचा शब्द परत येईपर्यंत डोळे मिटून वाट पाहत होते, आणि मग पुढची. समोरच्या बाया पुटपुटत शब्द धरू लागल्या.

लेकरू घेऊन उठलेली बाई उभीच होती. तिने एकदा बाहेरच्या उजेडाकडे पाहिलं, एकदा राजाकडे. मग ती खाली बसली. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण तिला साडी नेसवावी असं मला वाटलं.

गाणं संपलं, राणीला राजा भेटला, आणि शेवटची झांज घुमत घुमत विरली. टाळी नाही, काही नाही. माणसं नुसती बसलेली. त्या शांततेला डोमाजी घाबरले. ते दिव्याआड हात धरून अंधारात काही दिसतंय का ते पाहू लागले. खोटी मिशी एका बाजूने सुटली होती. सेवंताबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांच्याकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, पण त्या गुंफेत हळू काही राहत नाही. आम्हाला सगळ्यांना ते ऐकू आलं, आणि चार वेळा ऐकू आलं.

"उठले का लोक?"

सेवंताबाईंनी डोळे पुसले आणि भिंतीकडे बोट केलं. रिकाम्या ताटव्यांखाली सगळी गुरं पाय मुडपून रवंथ करत होती.

"कोनी नाई उठला जी," त्या म्हणाल्या. "गाई बी बसल्या."